सांगावे

१

शहरात बाग व्हायची असो, दवाखाना व्हायचा असो की कोपऱ्यावरचं नुसतं स्वच्छतागृह, त्याचा नकाशा आधी तपासनिसाच्या टेबलावर यायचा. बाग असेल तर तो बघायचा, की दुपारी तीन वाजता सावली बाकावर पडते की बाकाशेजारच्या कचरापेटीवर. घसरगुंडी संपते तिथे पाणी तर साचणार नाही? दवाखान्याच्या दारातून स्ट्रेचर नीट वळेल, की आजाऱ्याला उभं करून न्यावं लागेल? चूक दिसली की लाल पेन्सिल चालायची. दुधातला केस शोधणारी माणसं असतात. हा दूध काढायच्या आधी गाईच्या अंगावरचे केस मोजणारा. कचेरीत पाठीमागे त्याला भिंगसाहेब म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

नकाशे काढायच्या रेघाताई. बाईंचं खरं नाव निराळंच होतं, पण सव्वीस वर्षं रेघा मारता मारता ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दोघांमध्ये कामाची एक जुनी रीत होती. काही शंका असली की ताई तपासणीच्या प्रतीवर बारीक पेन्सिलीने प्रश्न लिहायच्या आणि शेवटी एकच शब्द, ‘सांगावे’. तपासनीस लाल पेन्सिलीने उत्तर लिहायचा, ‘पाहिले’ असा शिक्का मारायचा आणि प्रत परत पाठवायचा. उत्तर नसलं तर समजायचं, आहे ते बरोबर आहे. या रीतीवर एकोणीस बागा आणि चाळीसेक इमारती उभ्या राहिल्या होत्या.

त्या सोमवारी दुपारी तो नदीकाठच्या बागेचा नकाशा बघत बसला होता. पंखा फिरत होता, बाहेर शिपाई कुणाशी तरी क्रिकेटवर वाद घालत होता. आणि डोक्यावर कुणीतरी जिना उतरायला लागलं.

आधी काठी, मग एक पाऊल, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. म्हाताऱ्या माणसाचं उतरणं. तपासनिसाने नकाशावरून मान न उचलताच पायऱ्या मोजल्या, कारण मोजायची त्याला खोडच होती. अकरा झाल्या. बाराव्या पायरीला काठी टेकल्याचा आवाज आला नाही. तो वाट बघत राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की तो कसली वाट बघतोय.

ही कचेरी बैठी होती. वर पत्रे होते आणि पत्र्यांवर आभाळ. जिना नव्हताच.

२

“कबुतरं असतील, साहेब,” शिपाई म्हणाला.

“कबुतरं काठी घेऊन चालतात का रे?”

“आमच्या भागातली चालतील. फार म्हातारी झालीत.”

शिपाई हसला, म्हणून तोही हसला. मंगळवारी सकाळी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून बघितलं आणि कान साफ आहेत असं सांगितलं. त्याने पत्रे बघून घेतले, मागच्या नळाची तोटी बदलून घेतली. माणसाची बुद्धी कामाला लागली की कारणं काढायला कमी करत नाही.

पण आवाज अकरावर का थांबतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं नाही असं तो स्वतःला बजावत होता, इतकंच.

दोन महिन्यांपूर्वी नवं वाचनालय उघडलं. आत अर्ध्या उंचीवर वर्तमानपत्रांचं दालन, तिथून खाली यायला बारा पायऱ्या. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी यायचे, शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि काठी टेकत उतरायचे. एका सकाळी अकरावीवरून त्यांनी पाय पुढे टाकला आणि जमीन दोन बोटं आधीच आली. उतरताना पाय बघत नसतो. अकरा पायऱ्यांनी शिकवलेलं माप तो बाराव्या पायरीला लावतो. मास्तर तोंडावर आपटले. नऊ दिवसांनी गेले.

चूक साधी होती आणि ती नकाशावाल्यांच्याच हातून होते. जिना कच्च्या जमिनीपर्यंत मोजला होता. नंतर जमिनीवर सिमेंटचा मसाला आला, मसाल्यावर फरशी आली, आणि दोघांनी मिळून शेवटची पायरी दोन बोटं खाल्ली.

रेघाताई मात्र ते विसरल्या नव्हत्या. प्रतीवर जिन्याच्या पायाशी त्यांनी लिहिलं होतं, ‘खालच्या फरशीची जाडी धरायची का? सांगावे.’ तपासनिसाने ते वाचलंच नाही. त्या दुपारी दर्शनी खोलीत त्याचा सत्कार व्हायचा होता आणि तो उत्तराचं भाषण लिहीत होता. ‘माझ्या नजरेतून आजवर काही सुटले नाही’ हे वाक्य ठेवावं की जरा नम्रपणे फिरवावं, यावर त्याची अर्धी दुपार गेली. टेबलावर नऊ नकाशे पडले होते. त्याने नऊ शिक्के मारले आणि कंगव्याने केस नीट केले.

मास्तर पडल्याचं कळलं त्या दिवशी, वरून फाईल मागवली जायच्या आधी, त्याने ती प्रत काढली आणि पेन्सिलीची ती ओळ खोडली. रबराचा चुरा फुंकून उडवला. मग दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं, पण दारात कुणी नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण त्याने दुसऱ्यांसाठी किती वेळा वापरली होती! प्रत कोरी निघाली, तेव्हा दोष नकाशा काढणाऱ्याचा ठरला. गुरुवारी समितीची बैठक होती. तीत रेघाताईंना कामावरून काढायचं होतं.

३

घरीही आवाज आला. मंगळवारी संध्याकाळी, बायको भाजी निवडत होती आणि रेडिओ चालू होता. त्याचं घर वरच्या मजल्यावर, त्यावर गच्ची, आणि गच्चीवर जायला बाहेरच्या बाजूने एक लोखंडी शिडी. आवाज शिडीचा नव्हता. तो खोलीतल्या आतल्या भिंतीच्या बाजूने येत होता, जिथे कपाट होतं. काठी, पाऊल, पाऊल.

“अकरा,” तो म्हणाला.

“काय अकरा?” बायकोने विचारलं.

“तुला ऐकू आलं?”

“तुम्ही अकरा म्हणालात ते आलं. अहो, कचेरीतले आकडे कचेरीतच ठेवून येत जा. काल झोपेत मोजत होतात.”

“कितीपर्यंत?”

“मी काय जागत बसले होते का मोजायला?” मग तिने हातातली जुडी खाली ठेवली. “त्या ताईंचं मनाला लागलंय ना तुमच्या? मला कळतंय हो. एवढ्या वर्षांचं माणूस. तुम्ही सांगून बघा ना समितीत, त्यांच्या बाजूने. तुमचा शब्द कोण मोडणार आहे तिथे?”

त्याला तिच्याकडे बघवेना. ती त्याला भला माणूस समजून बोलत होती. तो उठला, कपाट भिंतीपासून हातभर ओढलं आणि मागे बघितलं. मागे भिंत होती आणि एक हरवलेला कंगवा पडला होता.

कपाट जागेवर ढकलताना त्याला वाटलं, की भिंतीच्या आत कुणीतरी श्वास धरून उभं आहे. पडलेलं नाही, परतही गेलेलं नाही. अकराव्या पायरीवर उभं राहून, पुढची पायरी केवढी आहे ते कुणी सांगेल म्हणून थांबलेलं.

४

बुधवारी सकाळी टेप घेऊन तो वाचनालयात गेला. समितीसाठी पुन्हा मापं घ्यायची आहेत, असं त्याने पहारेकऱ्याला सांगितलं. वाचनालय बंदच होतं. जिन्याच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती. खिडक्यांतून भरपूर ऊन आत येत होतं, टेबलं पुसलेली होती, कुठे अंधार नाही की जाळं नाही. भ्यायला काही सबब नव्हती.

त्याने गुडघे टेकून टेप लावला. अकरा पायऱ्या तंतोतंत सारख्या, दीडशे मिलिमीटर. बारावी एकशे दहा. दुसऱ्यांदा मोजली तरी एकशे दहा. माणूस मोठा चुकार असतो. तिसऱ्यांदा मोजताना ती दीडशे भरेल अशी त्याला खरोखरच आशा होती.

तो तसाच गुडघ्यांवर असताना वरून उतरायला सुरुवात झाली.

इथे जिना खरा होता आणि आवाज जिथून यायला हवा तिथूनच येत होता. त्याने मान वर केली. पायऱ्यांवर ऊन होतं, आणि काही नव्हतं. काठीचा आवाज एकेक पायरी खाली आला. पाचवी. आठवी. दहाव्या पायरीवरचा धुळीचा पातळ थर नाण्याएवढ्या जागेत पुसला गेला, हे त्याने बघितलं, आणि बघितलं नाही असं लगेच ठरवलं. अकरावी. त्याच्या कपाळासमोर, वीतभर अंतरावर, कुणीतरी थांबलं. जुन्या वर्तमानपत्राचा आणि खोकल्याच्या औषधाचा वास आला.

सांगायचं काय, तर चार शब्द. सांभाळून, पायरी बुटकी आहे. कुठल्याही परक्या माणसाला आपण रस्त्यात सांगतो. त्याने तोंड उघडलं. “सांभा...” इतकं बाहेरही पडलं. मग त्याला दारात उभा असलेला पहारेकरी दिसला.

“कुणाशी बोलताय, साहेब?”

“कुणाशी नाही.”

“तसं नव्हे, मला वाटलं कुणी आत शिरलं का.”

“नाही म्हटलं ना!” तो ओरडला.

तपासनिसाने टेप गुंडाळला. मेलेल्या माणसासमोर सुद्धा त्याला आधी हे आठवलं, की आपलं बोलणं कुणी ऐकत तर नाही. बाहेर पडताना त्याचे कान तापले होते. भीती होतीच, पण तिच्याही वर लाज होती.

५

त्याच दुपारी रेघाताई त्याच्या टेबलापाशी आल्या. हातात मोजपट्टी होती. काही हातात असल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे.

“साहेब, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा ना.”

“मी लिहिलं होतं का हो, फरशीचं?”

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

“म्हणजे मला अगदी डोळ्यांसमोर येतंय,” ताई सांगत राहिल्या. “जिन्याखाली, डाव्या हाताला. पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणून अक्षर जाड आलं होतं, तेही आठवतंय. पण प्रत बघितली तर कोरी. आणि लिहिलं असतं तर तुमच्या नजरेतून सुटलं नसतं, ही काळ्या दगडावरची रेघ आहे. मग मीच लिहिलेलं नसणार. हो ना?”

“आठवण दगा देते कधीकधी,” तो म्हणाला.

“तेच ना. नोकरी गेली तर जाऊ दे, साहेब, काही ना काही करीन. पण माणूस गेलं हो माझ्या हातून. आणि मला वाटतंय मी लिहिलं होतं! म्हणजे डोकंच ठिकाणावर नाही माझं. आता घरातून निघाले की भाचीला विचारते, गॅस बंद केला का गं मी? ती म्हणते केलास. तरी कोपऱ्यावरून परत येते. काल भाजीवाल्याला विचारलं, मी तुला पैसे दिले का? तो हसायला लागला.” ताईंनी पट्टी या हातातून त्या हातात घेतली. “तुम्ही फक्त एवढं सांगा. लिहिलं होतं की नव्हतं? तुम्ही सांगाल ते मी खरं मानीन.”

उतरण्याचा आवाज मघाशीच सुरू झाला होता. या वेळी तो छतातून नव्हता. तो ताईंच्या मागे, फायलींच्या रॅकजवळून येत होता, आणि अकरावर येऊन थांबला तो बरोबर त्यांच्या खांद्यामागे. दोघेही उभे होते. दोघांनाही उत्तर हवं होतं.

“मला नाही आठवत, ताई,” तपासनीस म्हणाला.

“बरं,” ताई म्हणाल्या. पट्टी त्यांनी काखेत धरली. मग म्हणाल्या, “तुम्हाला बरं नाही का? घाम आलाय. पाणी सांगू?”

त्याने मान हलवून नको म्हटलं. त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत त्याने नदीकाठच्या बागेच्या नकाशावर एकही खूण केली नाही.

६

समितीची बैठक मुख्य इमारतीत, लांब टेबलाच्या खोलीत. अध्यक्षबाई, वास्तुरचनाकार, बागांचे अधिकारी, एक वकील आणि तपासनीस. रेघाताई दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन. एसीचा गार वारा थेट त्याच्या मानेवर येत होता.

सगळं पाऊण तासात उरकलं. वकिलाने अहवाल वाचला. बागांचे अधिकारी म्हणाले, वाईट वाटतं, पण जीव गेलाय. अध्यक्षबाईंनी ताईंना विचारलं, तुमचं काही म्हणणं? ताई उभ्या राहिल्या. “मला वाटत होतं मी शंका लिहिली होती. पण नसणार लिहिली. चूक माझीच,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या बोलत असताना उतरणं सुरू झालं होतं. ते भिंतीतून आलं, पडद्यामागून आलं, आणि दर पायरीला अधिक जवळ. दहा. अकरा.

“तुम्ही त्या नकाशाचे तपासनीस,” अध्यक्षबाई त्याच्याकडे वळल्या. “शेवटचं विचारते. प्रतीवर काही शंका लिहिलेली होती का?”

टेबलावर ग्लास होते, ग्लासांवर जाळीची झाकणं होती. ताईंनी मान वर केली नव्हती. हो म्हणायला किती वेळ लागतो? भाषण, सत्कार, भिंगसाहेब, लोक काय म्हणतील, बायको काय म्हणेल, पोलीस येतील का, हे सगळं एका श्वासात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि अगदी तळाशी एक क्षुद्र विचार होता, की आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, असं विचारतील. त्या विचाराचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली, आणि त्यानेच त्याचं तोंड बंद केलं.

“नाही,” तो म्हणाला. “काही नव्हतं.”

वकिलाने ते लिहून घेतलं.

आणि बारावी पायरी आली.

तपासनिसाने डोळे मिटले. तो पडण्याच्या आवाजाची वाट बघत होता. काठी निसटेल, मग अंग आपटेल. तसं काही झालं नाही. काठी टेकली. पाऊल सावकाश, चाचपत, अलगद जमिनीवर आलं. मग दुसरं. विचारून उपयोग नाही हे कळल्यावर माणूस आपलं आपण उतरतो, तसं. आता जिना संपला होता. पावलं सपाट जमिनीवरून चालायला लागली, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि थांबली.

त्याच्या हातातली पेन्सिल सुटून खाली घरंगळली. उचलायला तो वाकला. टेबलाखाली वकिलाचे काळे बूट होते, अध्यक्षबाईंच्या चपला होत्या, बागांच्या अधिकाऱ्यांनी बूट काढून मोज्यांवर पाय ठेवले होते. त्याच्या स्वतःच्या खुर्चीला लागून, त्याच्याकडे टोकं करून, एका जुन्या चप्पलजोडीत दोन पाय होते. एका अंगठ्याला पट्टी बांधलेली. पट्टी दवाखान्याची होती, अजून पांढरी.

तो पेन्सिल न घेताच सरळ बसला.

७

बैठक संपल्यावर तो सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडला. बाहेर चार वाजताचं ऊन होतं. व्हरांड्यात रेघाताई थांबल्या होत्या, त्याच्यासाठीच. पिशवीतून नकाशाच्या सुरळीचं टोक बाहेर आलं होतं.

“साहेब, जिवाला लावून घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय करणार? जे नव्हतं ते होतं कसं म्हणणार?”

त्याला वाटलं, आत्ता सांगावं. इथे कुणी नाही. फक्त ताईंना, एवढं तरी. तुमचं डोकं ठिकाणावर आहे, ताई, तुम्ही लिहिलं होतं. त्याने ओठ ओले केले.

ताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हाताऱ्या माणसासाठी वाट सोडतात तशा त्या भिंतीकडे सरकल्या.

“या, आजोबा. सावकाश.” मग हळूच त्याला म्हणाल्या, “हे तुमचे वडील का? कधी बोलला नाहीत ते. केव्हाचे तुमच्या मागे उभे आहेत.”

तो वळला नाही. नाही म्हटलं असतं तर मग कोण, हे सांगावं लागलं असतं.

“हो,” तो म्हणाला.

“अहो, मग असे पुढे काय चालता? बाहेर पायऱ्या आहेत. त्यांना हात तरी द्या.”

ताई बघत होत्या. त्या बघत होत्या म्हणूनच, केवळ त्यांच्या नजरेत वाईट दिसू नये म्हणून, तपासनिसाने मागे न बघता हात मागे केला. तो रिकामाच राहील, अशी त्याला अजून आशा होती.

“हां, असं,” ताई म्हणाल्या.